कोटेशनवर सही करण्याआधी ते लाल रजिस्टर उघडा

पत्र :

ताई, नाशिकला सिडकोत आमचा एसी आणि फ्रिज दुरुस्तीचा व्यवसाय आहे. मिस्टरांनी २००३ मध्ये एकट्यानं सुरू केला, आता पाच मुलं कामाला आहेत. फोन मी घेते, लाल रजिस्टरमध्ये कॉल लिहिते, मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पाठवते, रात्री हिशेब मांडते. १४० एसींची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, आमच्याकडे आहे, एसीमागे वर्षाचे २,८०० रुपये घेतो. दिवाळीत जुनं रजिस्टर चाळताना कळलं, की उन्हाळ्याच्या गडबडीत ३१ जणांना मुदत संपल्यावर आमचा फोनच गेला नाही. ते परत आलेच नाहीत. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणतो, आपली स्वतःची वेबसाइट आणि सॉफ्टवेअर करून घेऊ. त्याच्या ओळखीच्या एका कंपनीनं दोन्ही मिळून २ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. पहिलं वर्ष देखभाल फुकट, मग दर वर्षी ३६ हजार. मिस्टर म्हणतात, तेवढ्यात जुना छोटा टेम्पो येईल. कंपनीची माणसं घरी येऊन गेली, मी चहा देऊन आत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. बापलेकांच्या मध्ये मला पडायचं नाही, पण पैसे माझ्या हातून जातात. काय करावं?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं : ‘मी चहा देऊन आत आले.’ ज्या कामाचं सॉफ्टवेअर करायचं आहे ते काम तुम्ही करता. कॉल कोणाचा, कुठल्या सोसायटीत पार्किंग नाही, कोणत्या काकूंना दुपारी दोनच्या आत मुलगा पाठवलेला चालत नाही, कोणाची उधारी दोन महिन्यांची आहे, हे सगळं तुमच्या डोक्यात आणि त्या लाल रजिस्टरात आहे. तुम्ही आतल्या खोलीत आणि कोटेशन बाहेरच्या खोलीत, अशानं जे सॉफ्टवेअर तयार होईल ते तुमच्या कामाचं नसेल. पुढच्या बैठकीला तुम्ही बसायचं आहे, रजिस्टर मांडीवर घेऊन. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता पैशांचं बोलू, कारण मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. कोटेशनचे २ लाख ४० हजार आणि नंतरच्या चार वर्षांचे १ लाख ४४ हजार, म्हणजे पाच वर्षांत ३ लाख ८४ हजार. वर्षाला ७६,८०० पडले. दुसऱ्या बाजूला तुमच्या त्या ३१ जणांचा हिशेब करा. प्रत्येकी एकच एसी धरला तरी ८६,८०० रुपये वर्षाला गेले. म्हणजे मुलगा काही उधळपट्टी करायला निघालेला नाही. जी गळती तो बुजवू बघतोय ती खरी आहे आणि सॉफ्टवेअरच्या खर्चापेक्षा मोठी आहे.

पण तीच गळती एका साध्या एक्सेलनं बुजते. १४० ओळी, प्रत्येक ओळीत नाव, फोन, मुदत संपण्याची तारीख. तारखेप्रमाणे लावून ठेवायचं आणि दर सोमवारी सकाळी पुढच्या पंधरा दिवसांतली नावं काढून फोन करायचे. तुमचा मुलगा हे एका संध्याकाळी करून देईल, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मग जे ७६,८०० रुपये वर्षाला द्यायचे आहेत ते या यादीच्या पलीकडे नेमकं काय देणार, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर कोटेशनमध्ये सापडलं नाही, तर ते कोटेशन अजून अपुरं आहे.

कोटेशनमध्ये वेबसाइट आणि सॉफ्टवेअर एकाच आकड्यात बांधलंय, ते आधी सुटं करून मागा. ही दोन वेगळी कामं आहेत. वेबसाइट परक्या माणसाला तुमच्यापर्यंत आणते. सॉफ्टवेअर आलेल्या माणसाला तुमच्याकडून विसरू देत नाही. तुमचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं आहे. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे येणारे फोन कमी नाहीत, घेतलेले फोन निसटताहेत. म्हणून वेबसाइटवर मी फार वेळ घालवणार नाही. गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट करता येते, ती केली नसेल तर आजच करा. नाव, फोन, वेळ, कुठल्या भागात जाता, आणि तुमच्या मुलांनी केलेल्या कामाचे खरे फोटो. ‘एसी दुरुस्ती सिडको’ असं शोधणारा माणूस बहुतेक वेळा तिथूनच फोन लावतो. त्या नोंदीसोबत गूगल पूर्वी एक फुकट वेबसाइटही देत असे. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि ज्यांनी गाडीवर, व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता छापला होता त्यांची पंचाईत झाली. म्हणून स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, जरूर घ्या. त्यावर एक पान पुरेसं आहे, मराठीत आणि इंग्रजीत. बोट लावलं की फोन लागला पाहिजे, आणि व्हिजिट चार्ज किती ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. फिरती चित्रं आणि ‘आमचं ध्येय’ यांचे पैसे देऊ नका. आणि मोठ्या एसी कंपन्यांचे लोगो ओळीनं लावून आपण त्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहोत असा भास तर अजिबात होऊ देऊ नका. त्यातून नोटीस येऊ शकते, आणि गिऱ्हाइकाशीही ते प्रामाणिक नाही. ‘सर्व कंपन्यांच्या एसींची दुरुस्ती’ एवढं लिहिणं खरं आहे आणि पुरतं.

आता खरं काम. सॉफ्टवेअर.

माझ्या भावाचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागांच्या मोटरी जळाल्या की आतली तार नव्यानं गुंडाळायला त्याच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी मी त्याच्यासाठी सॉफ्टवेअर केलं, माझ्या मते फार विचार करून. मोटर आली की चौदा रकाने भरायचे : मालक, पत्ता, फोन, कारखाना, एचपी, फेज, आवक तारीख, अंदाजे खर्च, असं बरंच. दोन महिन्यांनी बघितलं तर कारागीर मालकाचं नाव आणि एचपी एवढंच भरत होते, बाकी सगळं कोरं. आणि काउंटरखाली त्यांची जुनी वही तशीच चालू होती. ती उघडली तेव्हा माझी चूक माझ्यासमोर आली. प्रत्येक मोटरीपुढे त्यांनी तारेचा गेज (जाडी), टर्न्स (वेढे) आणि पिच (वेढ्यांचा पल्ला) लिहिलेली होती. तीच मोटर वर्षभरानं पुन्हा जळून आली की वहीत बघून गुंडाळणी लगेच सुरू करता येते, नाहीतर जुनी गुंडाळी सोडवून वेढे मोजत बसावं लागतं. दुकानाची सगळ्यात मौल्यवान माहिती ती होती आणि माझ्या चौदा रकान्यांत तिला जागाच नव्हती. मी भावाशी बोलले होते. कारागिरांशी बोलले नव्हते. हातातलं वार्निश पुसून चौदा रकाने भरायला कोणाला वेळ आहे, हेही मी विचारलं नव्हतं.

म्हणून माझा आग्रह आहे, की आधी कागदावर करा. तुमच्या रजिस्टरमधले कुठलेही वीस कॉल घ्या, पाच एप्रिलमधले आणि बाकीचे इतर महिन्यांतले. प्रत्येक कॉलचं काय काय झालं ते लिहून काढा. फोन आला, कोणाला दिला, तो कधी पोचला, काय निघालं, कपॅसिटर होता की पीसीबी (सर्किट बोर्ड), पार्ट आणायला कोण गेलं, पैसे रोख की यूपीआय, बिल दिलं का, तीच तक्रार पुन्हा आली का. यातून एका पानाचं जॉबकार्ड तयार करा आणि पन्नास-पन्नासची पॅडं छापून मुलांना द्या. सहा आठवडे चालवा. मग सगळी कार्डं घेऊन जमिनीवर पसरून बसा. जो रकाना सगळ्यांनी कोरा सोडला तो काढून टाका. आणि समासात, मागच्या बाजूला, कोपऱ्यात जे काही लिहिलं गेलंय त्याला रकाना द्या. समासातलं लिखाण नीट वाचा ताई, तिथं तुमचा धंदा लिहिलेला असतो.

हे सहा आठवडे तुम्हाला आत्ताच मिळू शकतात. दिवाळी झाली, थंडी आहे, फोन कमी आहेत. होळी झाली की तुम्हाला उसंत नाही. त्यामुळे कंपनीनं ‘मार्चमध्ये चालू करून देतो’ असं म्हटलं तर ठाम नाही म्हणा. भर सीझनमध्ये नवं सॉफ्टवेअर म्हणजे दोन्ही डगरींवर पाय : अर्धे कॉल रजिस्टरात, अर्धे मोबाइलमध्ये, आणि गेल्या वर्षी ३१ निसटले तर यंदा ६० निसटतील. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दोन मुलांच्या हातात देऊन तपासून झालं तर ठीक, नाहीतर कागद आणि एक्सेलवर हा उन्हाळा काढा आणि पाऊस पडला की चालू करा. उन्हाळाभराची कार्डं हाताशी असली तर तेव्हाचं सॉफ्टवेअर जास्त चांगलं होईल.

काय बनवून घ्यावं आणि काय घेऊ नये, याबद्दल माझं मत ठाम आहे. बिलिंग बनवून घेऊ नका. तुम्ही जीएसटीत असाल तर बिलाचे नियम तुमच्या हातात नाहीत. बिलाचा नंबर सोळा अक्षरांच्या आत असायला हवा, आर्थिक वर्षात क्रमानं चालायला हवा, मध्ये गाळता येत नाही. आणि दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कधीमधी नवा एसी विकत असाल तर तुम्हाला ते आठवत असेलच. तयार बिलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या मागे हे बदल सांभाळणारी मोठी कंपनी असते. स्वतःचं बनवून घेतलेल्यांना असा बदल आला की त्यांच्या माणसाला फोन करावा लागतो, आणि तो माणूस तेव्हा फोन उचलेल याची हमी नसते. टॅली, ‘व्यापार’, झोहो अशा तयार सॉफ्टवेअरपैकी तुमच्या सीएंना जे सोयीचं असेल ते घ्या. कोटेशनमध्ये बिलिंगचे जितके पैसे धरले असतील तितके कमी करायला सांगा.

बनवून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे : प्रत्येक एसीचा इतिहास. गिऱ्हाइकाचा नव्हे, एसीचा. एका घरात तीन एसी असतात. हॉलमधल्याला गेल्या वर्षी गॅस भरला, बेडरूममधल्याचा पीसीबी बदलला, त्या पीसीबीची वॉरंटी अजून चालू आहे. हे आज फक्त मिस्टरांना आठवतं आणि ते गावाला गेले की कोणालाच आठवत नाही. नवा मुलगा दारात उभा राहिला आणि त्याच्या मोबाइलवर त्या एसीची मागची चार कामं दिसली, तर गिऱ्हाइकाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही, आणि चालू वॉरंटीतल्या पार्टचे पैसे चुकून मागितले जात नाहीत. एएमसीच्या तारखा आणि सर्व्हिसची आठवण याच इतिहासातून निघते. तयार मिळणाऱ्या सर्व्हिस-कॉलच्या अ‍ॅप्समध्येही यातलं बरंच असतं. त्यांचं भाडं बहुतेकदा माणशी, महिन्याला असतं. आधी त्यातलं एखादं महिनाभर वापरून पाहा. तुमचं भागलं तर २ लाख ४० हजार वाचले. नाही भागलं, तर नेमकं कुठं अडलं त्याची यादी हातात येईल आणि त्या यादीवर कोटेशन मागता येईल.

मुलांना टाइप करायला लावू नका. गच्चीवर उन्हात, एका हातात गेज आणि दुसऱ्या हातात पाना असलेला माणूस मॉडेल नंबर टाइप करणार नाही. आउटडोअर युनिटवर कंपनीची पाटी असते. मॉडेल, सिरियल नंबर, कोणता गॅस आणि किती, सगळं तिच्यावर छापलेलं. पहिल्या भेटीत त्या पाटीचा एक फोटो काढला की चार रकाने भरल्यासारखे झाले. काय काम केलं ते मराठीत बोलून व्हॉइस नोट ठेवता आली तर उत्तम. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये रेंज नसते, तिथंही नोंद झाली पाहिजे आणि रेंज आल्यावर ती आपोआप वर गेली पाहिजे. हे बैठकीत विचारा आणि त्यांच्या ऑफिसात नाही, तुमच्याच एखाद्या सोसायटीच्या तळघरात उभं राहून दाखवायला सांगा.

आणखी एक विचारून घ्या. तुमच्या गिऱ्हाइकांची जुनी यादी कोणी डीटीपीच्या दुकानात मराठीत टाइप करून दिली असेल, तर ती बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच वाचता येणाऱ्या पद्धतीत, नसेल. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली नावं नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की नुसती चिन्हं दिसतात, शोधली तर सापडत नाहीत. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. हे काम कोण करणार, ते कोटेशनमध्ये लिहिलेलं असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं : किल्ली कोणाच्या हातात. भावाच्या दुकानाची वेबसाइट आम्ही एका ओळखीच्या माणसाकडून केली होती. डोमेन त्यानं त्याच्या स्वतःच्या नावावर घेतलं. तीन वर्षांनी त्यानं हा व्यवसाय सोडला, नंबर बदलला, डोमेनची मुदत संपली आणि ते दुसऱ्याच कोणीतरी घेतलं. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर तोच पत्ता छापलेला होता. तो माणूस लबाड नव्हता. आम्ही विचारलं नव्हतं, एवढंच. म्हणून डोमेन मिस्टरांच्या नावावर, नोंदणी तुमच्या ईमेलवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर. सर्व्हरचं खातं तुमच्या नावाचं, पैसे थेट तुम्ही भरायचे, कंपनीला फक्त आत येण्याची परवानगी. कोटेशनमध्ये एसएसएल सर्टिफिकेटचे, म्हणजे वेबसाइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे वार्षिक पैसे लावले असतील तर कशासाठी ते विचारा. ते लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं आणि साध्या वेबसाइटला पुरतं.

सॉफ्टवेअरच्या मालकीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. पैसे आपण दिले म्हणजे ते आपलं झालं, असं वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि तुम्ही बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेला प्रोग्राम सर्वसाधारणपणे त्या कंपनीच्याच मालकीचा राहतो. तो तुमचा व्हायला लेखी आणि सहीचं हस्तांतर लागतं. त्यातही मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतीच. म्हणून करारात एक परिच्छेद घालून घ्या : सोर्स कोडसह (प्रोग्रामच्या मूळ लिखाणासह) सर्व हक्क कायमचे आमच्याकडे. कंपनी त्याला तयार नसेल तरी हरकत नाही, खूप कंपन्या एकच साचा अनेकांना देतात. पण मग किंमत त्या मानानं कमी हवी, आणि तुमची माहिती तरी पूर्ण तुमची हवी. दर रविवारी सगळी नोंद एक्सेलमध्ये उतरवून घेण्याचं बटण तुम्हाला, स्वतःला, दाबता आलं पाहिजे. ही अट सोडू नका. देखभालीचे ३६ हजार ज्या वर्षी द्यायचे नाहीत असं ठरवाल, त्या वर्षीही ती एक्सेल तुमच्या हातात राहील.

गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर ही त्यांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात ती सांभाळण्याची जबाबदारी माहिती ठेवणाऱ्यावर टाकली आहे. प्रत्येक मुलाला त्याचे आजचे कॉल आणि त्या एसींचा इतिहास दिसावा, अख्खी यादी नाही. एखादा मुलगा उद्या स्वतःचं दुकान टाकेल, टाकूही द्या, पण तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं त्याच्या खिशात जायला नकोत.

पैसे एकरकमी देऊ नका. सुरुवातीला थोडे, वापरता येईल असा पहिला भाग हातात आल्यावर थोडे, दोन मुलांनी पंधरा दिवस वापरल्यावर थोडे आणि सोर्स कोड, पासवर्ड, बॅकअप ताब्यात आल्यावर उरलेले. रीतसर जीएसटी बिल घ्या, त्यावर तुमचा नंबर असू द्या. २ लाख ४० हजारांवर १८ टक्क्यांनी ४३,२०० कर होतो. तुम्ही जीएसटीत असाल आणि कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत) नसाल तर त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तेवढा कर तुमच्या देण्यातून वजा होतो. सीएंशी आधीच बोलून घ्या.

मिस्टरांना टेम्पोबद्दल सांगा, की तो विचार मोडीत काढलेला नाही. बिलिंग वजा केलं, वेबसाइट एका पानावर आणली, यादी एक्सेलमध्ये गेली, तर उरलेलं काम कोटेशनच्या बऱ्याच आतल्या पैशात व्हायला हवं. आणि मुलाला सांगा, की त्याला नवं काहीतरी उभं करायची जी हौस आहे ती मला फार आवडली. एक्सेलची यादी, पन्नासचं पॅड, सहा आठवड्यांनी कार्डांची छाननी हे त्याच्याकडून करून घ्या. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला यापेक्षा खरा विषय त्याला कुठून मिळणार?

कंपनीची माणसं आली की चहा मुलाला ठेवायला सांगा. रजिस्टर उघडून एप्रिलमधलं सगळ्यात गर्दीचं पान त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, या दिवशी सकाळी नऊ ते अकरामध्ये इतके फोन आले, एक मुलगा आजारी होता, दोन कॉल मला फिरवावे लागले. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी हे कसं केलं असतं, दाखवा. त्यांनी वही काढून तुम्हाला उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर पुढचं बोलणं करा. लॅपटॉपवरची तयार स्लाइड दाखवू लागले, तर चहा होईपर्यंत ऐकून घ्या आणि दुसऱ्या दोघांकडून कोटेशन मागवा. त्या बैठकीत काय झालं ते मला कळवा.